२३ किल्ले देण्याचं धाडस
धाडसी नेता म्हणजे काय, हे पाच-सहा वर्षांच्या मुलांना कसं सांगायचं, असा प्रश्न पालकांना पडतो. बहुतेक जण शिवाजी महाराज आणि अफजलखानाची गोष्ट सुचवतात. मुलांना ती आवडतेच, पण मग सगळं वाघनखांवर अडकतं (आमच्याकडे काटे-चमचे लपवावे लागले!). मी दिवाळीच्या किल्ल्यापाशी बसून लेकीला पुरंदरचा तह सांगितला. ३५ खडे मांडले, त्यातले २३ उचलले. १६६५ साली महाराजांनी एवढे किल्ले मोगलांना दिले. ती चिडलीच, "दिले कशाला?" म्हटलं, लढतच राहिले असते तर माणसं उरली नसती. बराच वेळ गप्प. मग १६७० मध्ये कोंढाणा परत घेतला म्हटल्यावर तिने माझ्या मुठीतला एक खडा हळूच काढून घेतला.