सहाध्यायी विद्यार्थ्याविरुद्धची छळाची तक्रार विभागातच ‘मिटवता’ येते का?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी):
माझ्या मैत्रिणीला वर्गातला एक विद्यार्थी गेल्या सत्रापासून नको ते संदेश पाठवत आहे. तिने स्पष्ट नकार दिल्यानंतरही तो ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत तिच्या मागे येतो आणि दोघे एकाच प्रकल्पगटात असल्यामुळे तिला त्याला टाळताही येत नाही. परीक्षा तोंडावर आहेत, तेव्हा दोघांना समोरासमोर बसवून माफीपत्र लिहून घेऊ आणि विषय संपवू, असे विभागप्रमुखांनी सुचवले आहे. त्यांचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. पण विभागाला असा अधिकार आहे का? तक्रार केली, तर तिचा निर्णय होईपर्यंत मैत्रिणीला त्याच गटात राहावे लागेल का? आणि तिच्या वतीने तक्रार मी देऊ शकते का?

उत्तर (अंतर्गत समितीवर काम केलेली प्राध्यापिका):
विभागाला असा अधिकार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार अशा तक्रारीची चौकशी संस्थेची अंतर्गत समिती, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी संस्थेनेच नेमलेली समिती, करते. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांसारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना या समितीचे सदस्य होता येत नाही, आणि ही तरतूद मुद्दाम केलेली आहे, कारण विभागाच्या प्रतिष्ठेची काळजी वाहणाऱ्या माणसाकडून तटस्थ चौकशीची अपेक्षा ठेवणे त्याच्यावरही अन्यायाचे असते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी-प्रतिनिधीही बसतात. समेटाची तरतूद आहे, परंतु तो तक्रारदाराने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या देवाणघेवाणीवर मुळीच नाही. समोरासमोर बसवून घेतलेले माफीपत्र हा समेट नव्हे. तो बहुधा तिच्यावर आणलेला दबाव ठरतो.

मुदतीकडे लक्ष द्या. लेखी तक्रार घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. समितीला सबळ कारण पटल्यास ती आणखी तीन महिन्यांची सवलत देऊ शकते. ‘परीक्षेनंतर बघू’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. चौकशी 90 दिवसांत पूर्ण करायची असते, परंतु संरक्षणासाठी तितके थांबावे लागत नाही. तिने तक्रारीबरोबरच अंतरिम उपायांची लेखी मागणी करावी: गट बदलून द्यावा, त्याला तिच्यापासून दूर राहण्याची ताकीद द्यावी, गरज पडल्यास परिसरात येण्यास मनाई करावी. गट बदलायचा झाला तर तो त्याचा बदलावा, हेही त्यात स्पष्ट लिहावे. पाहिले आहे ते असे की सोय म्हणून नेहमी मुलीलाच हलवले जाते.

तिच्या वतीने तक्रार देण्याची मुभा शारीरिक वा मानसिक असमर्थता किंवा मृत्यू अशा परिस्थितीपुरती आहे, तेव्हा सही तिचीच हवी. मजकूर लिहायला तुम्ही मदत करू शकता; लिहिणे तिला शक्यच नसेल तर समितीच्या सदस्यांनीच मदत करायची असते.

उत्तर (विधी शाखेचा विद्यार्थी):
वरील उत्तराशी सहमत आहे, पण दुसरी बाजूही नोंदवतो. त्या मुलाला तक्रारीची प्रत मिळण्याचा आणि उत्तर देण्याचा हक्क आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचे नाव फिरवू नका. विनियमांनुसार पीडित, साक्षीदार आणि आरोप असलेली व्यक्ती या सर्वांचीच ओळख गुप्त ठेवायची असते, शिवाय अशा चर्चेमुळे साक्षी आधीच ठरवून दिल्या होत्या, असा आक्षेप घ्यायला वाव मिळतो. संदेश मूळ फोनमध्येच ठेवा आणि सोयीच्या ओळी न निवडता संपूर्ण संभाषण समितीला द्या.

त्याच्यासमोर उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागेल, या भीतीने अनेक जणी मागे हटतात. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात, जिथे काही विद्यार्थी मुलींच्या वसतिगृहात घुसले होते, सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच मुलींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत नोंदवणे अशा परिस्थितीत नैसर्गिक न्यायाच्या (म्हणजे दोन्ही बाजूंना न्याय्य संधी देण्याच्या तत्त्वाच्या) विरुद्ध नाही, असे मानले होते. आज अनेक समित्या लेखी प्रश्नांचा मार्ग काढतात.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. तक्रार सिद्ध झाली नाही तर तिच्यावरच कारवाई होईल, असे तिला कुणीतरी सांगितले आहे. आणि पोलिसांकडेही जाणे आवश्यक आहे का?

उत्तर (प्राध्यापिका):
आरोप पुराव्याने सिद्ध करता न येणे म्हणजे तक्रार खोटी ठरणे नव्हे. कारवाईसाठी ती द्वेषबुद्धीने किंवा खोटी असल्याचे जाणून केली होती, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते. हा गैरसमज कोण पसरवतो, हे मला अजून कळलेले नाही, पण तो दर वर्षी नव्याने भेटतो.

पोलिसांकडे जायचे की नाही, हा निर्णय तिचा. नकारानंतरही पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खालील गुन्हा आहे, आणि समितीची चौकशी व पोलीस तक्रार एकाच वेळी चालू शकतात. समितीला तुरुंगवास देता येत नाही. ती वसतिगृह वा ग्रंथालयाची सुविधा काढून घेणे, निलंबन, सक्तीचे समुपदेशन, संस्थेच्या पटावरून नाव काढून टाकणे अशा शिक्षांची शिफारस करू शकते. तो धमकी देत असेल किंवा तिच्या खोलीपर्यंत पोहोचत असेल तर समितीच्या बैठकीची वाट पाहू नका, त्याच दिवशी पोलिसांकडे जा. एरवी उद्या अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या, आणि ती प्रत तिच्याकडे ठेवायला सांगा.