टेबल सॉवरून प्लायचा तुकडा उसळून मांडीवर आला, नेमकं काय चुकलं?

नवारंधा:
नमस्कार मंडळी. वर्षभर हातकरवत आणि रंध्यावर शिकल्यावर दोन महिन्यांपूर्वी १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) घेतली. परवा कपाटाचे कप्पे कापत होतो. १८ मिमी प्लाय, तुकडा ६०० बाय २००. त्यातून ३५० लांबीचा कप्पा हवा होता, म्हणून फेन्स (पात्याला समांतर असलेली आधारपट्टी) ३५० वर लावली, तुकड्याची २०० ची कड फेन्सला टेकवली आणि दोन्ही हातांनी पुढे ढकलला. काप संपत आला आणि धाडकन आवाज झाला. तुकडा कुठे गेला ते दिसलंच नाही, मांडीत कळ आली तेव्हा समजलं. तळहाताएवढं काळंनिळं पडलंय. तुकड्याच्या खालच्या अंगाला कमानीसारखा ओरखडा उमटला आहे.

लपवत नाही: खूण दिसत नाही म्हणून गार्ड (पात्यावरचं झाकण) काढून ठेवला होता. रायव्हिंग नाइफही (पात्याच्या लगेच मागे उभी असते ती पोलादी पट्टी, कापलेली खाच मिटू न देणारी) काढली होती, कारण नवं पातळ पातं लावल्यापासून लाकूड तिथे येऊन अडायचं.

माझे हात पात्यापासून वीतभर तरी लांब होते, मग हे झालं कसं? जाड हातमोजे घालू का? ड्रिल प्रेस आणि बेंच ग्राइंडरही आणून ठेवलेत, त्यांचं काय सांभाळायचं? घरचे म्हणतात मशीन विकून टाक. मला विकायची नाही, पण बटण दाबायला हात धजत नाही.

पटाशी:
हातमोजे अजिबात नकोत. फिरत्या मशीनवर मोज्याचा एक धागा अडकला तर तो सगळा हात ओढून नेतो. लांब बाही कोपराच्या वर, अंगठी आणि कडं बाहेर. चष्मा आणि कानांना इअरमफ मात्र हवेतच.

जुनामिस्त्री:
दादा, आधी मांडी डॉक्टरांना दाखवा. तोच तुकडा ओटीपोटात बसला असता तर आज तुम्ही इथे लिहीत नसता.

तो कमानीसारखा ओरखडा जपून ठेवा, सगळी हकिगत त्यात आहे. पात्याचे पुढचे दाते वरून खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते खालून वर येतात. लाकूड जरा तिरकं होऊन त्या मागच्या दातांना लागलं की ते उचललं जातं, पात्याच्या डोक्यावर चढतं आणि तुमच्या दिशेने सुटतं. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग तासाला १९० किलोमीटरच्या आसपास जातो. डोळ्याला काही दिसणं शक्यच नव्हतं.

तुकडा तिरका का झाला, तर फेन्सला टेकलेली कड फक्त २०० ची आणि फेन्सपासून पात्यापर्यंतचं अंतर ३५०. असा तुकडा फेन्सवर ठरत नाही, फिरतो. फेन्सला नेहमी लांब कड टेकवायची. आडव्या कापाला फेन्स नकोच, तिथे मायटर गेज (टेबलाच्या खाचेत सरकणारा कोनाचा आधार) किंवा स्लेड (त्याच खाचेत सरकणारा पाट, ज्यावर लाकूड ठेवून ढकलतात) वापरा. आणि मायटर गेज व फेन्स एकाच कापाला दोन्ही वापरू नका, त्यातही तुकडा मधे अडकून हेच होतं. सारख्या मापाचे बरेच तुकडे हवे असतील तर फेन्सवर पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करा. माप ठोकळ्याला टेकवून घ्यायचं; काप सुरू होईपर्यंत लाकूड ठोकळा सोडून पुढे गेलेलं असतं आणि फेन्सकडे मोकळी जागा राहते.

आता रायव्हिंग नाइफ. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड आणि दात पाडतात त्या खाचेपेक्षा किंचित पातळ असावी लागते. तुमच्या नाइफवर जाडी कोरलेली असेल. ती २.५ असेल आणि नवं पातं २ मिमीची खाच पाडत असेल, तर लाकूड अडणारच. म्हणजे चूक पात्याची होती आणि काढली तुम्ही नाइफ! पातं बदला, नाइफ परत बसवा. ती नीट बसलेली असती तर तुकडा वळून मागच्या दातांपर्यंत बहुधा पोचलाच नसता.

हात लांब होते म्हणून निर्धास्त राहू नका, हे मी माझ्या हातावरून सांगतो. ज्या कारखान्यात मी होतो तिथे गार्ड कायम भिंतीला टांगलेला असायचा. सागाची फळी उभी चिरताना खाच मागे मिटायला लागली. डावा हात पात्याच्या पलीकडे, कापलेला भाग धरायला. फळी उसळली आणि तिच्यासोबत हातही मागे पात्यावर ओढला गेला. मधल्या बोटाचं पेर गेलं. हात जवळ नेला नव्हता, लाकडाने नेला. पात्याच्या मागे हात न्यायचाच नाही, भुसा झाडायलासुद्धा नाही. पातं पूर्ण थांबू द्या.

उभं राहायचं पात्याच्या रेषेच्या डावीकडे. पातं लाकडाच्या वर दाताएवढंच. अरुंद पट्टी असेल तर पुश स्टिक (ढकलायची काठी), आणि तिने फेन्स आणि पात्याच्या मधला भाग पात्याच्या पार पलीकडे जाईपर्यंत ढकलायचा. मधेच सोडलेला तुकडाच मागे येतो.

फेन्सही तपासा. प्लग काढा, एका दाताला खूण करा, तो दात पुढे आणून मायटरच्या खाचेपासून माप घ्या, मग तोच दात मागे नेऊन पुन्हा घ्या. मग फेन्सचंही दोन्ही टोकांना माप घ्या. फेन्सचं मागचं टोक पात्याकडे झुकलेलं असेल तर ती प्रत्येक काप चिमटीत धरते.

पटाशी:
ड्रिल प्रेसवर तुकडा हाताने धरू नका, छोटा असेल तर मुळीच नाही. व्हाइसमध्ये धरा किंवा क्लॅम्प करा. लांब पट्टीचं टोक डावीकडे ठेवून खांबाला टेकवा. बिट अडकलं तर पट्टी खांबावर अडेल, तुमच्या पोटावर येणार नाही. पातळ पत्रा बिट पलीकडे निघताना हमखास उचलतो. चकची (बिट धरणाऱ्या पकडीची) चावी चकमध्ये सोडायची नाही, हातातून थेट तिच्या जागेवरच ठेवायची.

ग्राइंडरला टेकू (ज्यावर वस्तू टेकवून घासतात) आणि चाकातली फट ३ मिमीपेक्षा जास्त नको, वरच्या जिभेची (आवरणाच्या तोंडावरच्या पट्टीची) ६ मिमीपेक्षा जास्त नको. चाक झिजतं तसं दोन्ही पुढे घ्या. नवं चाक बसवण्याआधी त्यावर लिहिलेला वेग मशीनपेक्षा कमी नाही ना ते बघा, मग दोरीवर टांगून लाकडी मुठीने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर टाकून द्या. पहिलं मिनिटभर बाजूला उभं राहून रिकामं फिरवा. अॅल्युमिनियम लावू नका, चाक बुजतं आणि तापून फुटू शकतं.

अजून एक: तुमचा स्विच साधा खटक्याचा आहे का? वीज जाऊन परत आली की पातं आपोआप फिरायला लागेल. नो-व्होल्ट स्विच (वीज परत आली तरी बटण दाबेपर्यंत मशीन सुरू न होऊ देणारा) बसवून घ्या.

नवारंधा:
मिस्त्रीकाका, पटाशी, दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांना दाखवलं, हाड शाबूत आहे. नाइफवर २.५ कोरलंय आणि पातळ पात्याची खाच १.८ निघाली. मूळ पातं २.८ चं होतं, तेच परत चढवलं. आता लाकूड नाइफवरून अलगद सरकतं. फेन्स मागच्या टोकाला १ मिमी पात्याकडे होती, सरळ केली. स्विच साधाच आहे, नवा येईपर्यंत मशीन बंद. तोवर स्लेड बनवतोय. पात्याच्या बाहेर येण्याच्या जागी मागे जाड ठोकळा लावू का, म्हणजे अंगठा तिकडे जाणार नाही?

जुनामिस्त्री:
लावाच. पातं पूर्ण आत राहील इतका जाड घ्या आणि त्याला लाल रंग द्या. काटकोन गुण्याने दोनदा बघा, मगच स्क्रू कसा.