ती घरीच होती, मग लिहायचं काय?

"आईवर चार ओळी लिहायला बसलो, पण ती आयुष्यभर घरीच होती, लिहू काय?" हे तुमचं वाक्य वाचून गलबलून आलं. माझी आई ९१व्या वर्षी गेली तेव्हा मीही असाच कोऱ्या कागदापुढे बसून राहिलो होतो.

शेवटी बाबांना विचारलं. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "मी दारात आलो की नुसत्या पावलांवरून तिला कळायचं, दिवस कसा गेला ते." तेच माझं पहिलं वाक्य झालं. मग भावंडांशी बोललो, तर प्रत्येकाची आई वेगळीच निघाली! धाकटीला तापातल्या रात्री कपाळावर असलेला हात आठवला, मला तिची हिशेबाची वही.

१९३४ साली अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न मांडलं, त्यात गृहिणींचं काम धरलं नव्हतं. आजही जीडीपीत, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या मोजणीत, ते धरत नाहीत. निदान आपण तरी ते लिहूया.

तुमचे वडील आहेत ना? आधी त्यांच्याजवळ बसा. तारखांच्या मागे लागू नका. तिचे ठरलेले शब्द, हाक मारायची लकब आत्ताच टिपून ठेवा. माझ्या आईचा आवाज मला आता नीट आठवत नाही.