मदत हवी आहे: एनएसलुकअपला पत्ता मिळतो, पिंगला का मिळत नाही?

प्रश्न:
डेबियन १२ (लिनक्स), डेस्कटॉप. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डीएनएसमास्क (घरच्या नेटवर्कचा, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर) आहे, त्यात फाइल सर्व्हरचं नाव 'साठा.लोकल', पत्ता १९२.१६८.१.२०. 'एनएसलुकअप साठा.लोकल' लगेच बरोबर पत्ता देतं. 'पिंग साठा.लोकल' मात्र चार-पाच सेकंद अडकून 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' म्हणतं. एसएसएचचंही (दुसऱ्या मशीनवर लॉगिन) तेच. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी फाइल) पायचाच पत्ता आहे. डीएनएसमास्क रीस्टार्ट केला, फरक नाही.

उत्तर:
डीएनएसमास्क ठीक आहे. एनएसलुकअप आणि डिग थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात, होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नावं-पत्त्यांची यादी) किंवा एनएसस्विच.कॉन्फ (नाव कुठे कुठे, कोणत्या क्रमाने शोधायचं ते सांगणारी फाइल) पाहतच नाहीत. पिंग, एसएसएच ग्लिबसी या सिस्टिमच्या मूळ लायब्ररीमार्फत जातात आणि तिथे एनएसस्विचचा क्रम चालतो. म्हणून अशा तक्रारीत त्याच क्रमाने नाव शोधणाऱ्या 'गेटेंट' या आज्ञेवरच विश्वास ठेवा.

/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फमध्ये बहुधा ही ओळ असेल:
होस्ट्स: फाइल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

.लोकलने संपणारं नाव एमडीएनएस४_मिनिमल स्वतःकडे घेतं आणि अवाही या सेवेमार्फत नेटवर्कभर विचारतं (एमडीएनएस म्हणजे सर्व्हरऐवजी नेटवर्कवरच्या सगळ्यांनाच नाव विचारणं). कुणी उत्तर देत नाही, ते चार-पाच सेकंद इथेच जातात. मग कंसातली सूचना लागू होते: सापडलं नाही तर इथेच थांब. डीएनएसपर्यंत पाळी येतच नाही. खात्री करायची तर एकेक मार्ग वेगळा तपासा:
गेटेंट -एस एमडीएनएस४_मिनिमल होस्ट्स साठा.लोकल
गेटेंट -एस डीएनएस होस्ट्स साठा.लोकल
पहिली रिकामी आणि दुसरी पत्ता देणारी निघाली की निदान पक्कं.

खरा उपाय म्हणजे नाव बदलणं. .लोकल हे आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाने (२०१३) एमडीएनएससाठी राखून ठेवलंय. घरच्या नेटवर्कसाठी होम.आर्पा आहे, आरएफसी ८३७५ (२०१८). 'साठा.होम.आर्पा' करा आणि डीएनएसमास्कमध्ये 'लोकल=/होम.आर्पा/' घाला, म्हणजे ही नावं बाहेरच्या सर्व्हरकडे जाणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
बॅकअपच्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये जुनं नाव आहे. तोवर लिबएनएसएस-एमडीएनएस (एमडीएनएस४_मिनिमल ज्यात येतं ते पॅकेज) काढून टाकू का?

उत्तर:
नको, नेटवर्कवरचे प्रिंटर .लोकल नावांनीच सापडतात. तात्पुरतं 'डीएनएस' हा शब्द एमडीएनएस४_मिनिमलच्या आधी आणा. पायवर 'लोकल=/लोकल/' हवंच, नाहीतर प्रिंटरची प्रत्येक चौकशी आधी इंटरनेटवर जाऊन येईल. मशीन एकच असेल तर होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ पुरे, 'फाइल्स' सगळ्यात आधी आहे. सर्व्हरचा पत्ता मात्र डीएचसीपीत (मशीनना पत्ते वाटणारी सेवा) कायम करून ठेवा. रीबूट नको: डेबियन १२ची ग्लिबसी २.३६ आहे, आणि २.३३पासून बदललेली एनएसस्विच.कॉन्फ चालू प्रोग्रॅमही आपोआप वाचतात.