लिंकची देवाणघेवाण: वाचक मिळतात की नुसते आकडे?

दुर्गवाटा
गडकिल्ल्यांच्या वाटा सांगणारी साइट मी सहा वर्षं चालवतोय. हरिश्चंद्रगडाच्या पानावर पाचनई, खिरेश्वर आणि नळीची वाट, तिन्ही दिल्यात. पण लोकांचे प्रश्न वेगळेच असायचे. "पाचनईत रात्री अकराला पोचलो तर जेवण मिळेल का?" "गाडी कुठे लावायची?" मला दर वेळी ठाऊक असायचं असं नाही.

गेल्या पावसाळ्याआधी अकोले तालुक्यातल्या घरगुती मुक्कामांची साइट चालवणाऱ्या एका ताईंना फोन केला. त्यांच्याकडे जेवण, पार्किंग, अंथरुणं, सगळी माहिती होती. वाटांचं मात्र एक अक्षर नव्हतं. ठरलं ते इतकंच: माझ्या पानावर "गावात पोचल्यावर" असं जिथे लिहिलंय, तिथेच त्यांची लिंक आणि त्यांच्या पाचनईच्या पानावर माझ्या नकाशाची. पैसे नाहीत, बॅनर नाही. आज गूगलखालोखाल सगळ्यात जास्त माणसं माझ्याकडे त्यांच्याकडून येतात आणि नकाशा उतरवून घेतात. जाहिरातीवर खर्च करण्याआधी प्रत्येकाने हे करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

शोधयंत्री
दादा, मला हे पटत नाही, आणि नवीन लोकांनी यावर विसंबून राहू नये म्हणून लिहितोय. एप्रिल 2012 मध्ये गूगलने पेंग्विन अपडेट आणलं, ते अशाच लिंकबाजीला आवर घालायला. "तू माझी लिंक दे, मी तुझी देतो" हा प्रकार अति झाला तर स्पॅम धरतात, हे त्यांच्या धोरणात सरळ लिहिलंय. मी काम केलेल्या एका साइटच्या तळाशी 'आमचे मित्र' म्हणून चाळीसेक नावं होती. त्यात एक घरबांधणीवाला, एक पत्रिका जुळवणारा! शोधातून येणारे वाचक आटले आणि त्या लिंका काढून टाकल्यावरही पुढे कित्येक महिने परतले नाहीत.

शिवाय हा सगळा मामला दुसऱ्याच्या दारातला. ताईंनी उद्या साइट बंद केली तर तुमच्या हातात काय उरणार?

दुर्गवाटा
तळाशी टाकलेली चाळीस नावं आणि वाक्यात बसलेली एक लिंक यांना एका मापाने मोजू नका. माझी कसोटी सांगतो. नोफॉलो ही लिंकच्या कोडमध्ये लावायची खूण 2005 पासून आहे. ती लावली की शोधातला क्रमांक ठरवताना त्या लिंकचं वजन गूगल सहसा धरत नाही, वाचक मात्र तसाच क्लिक करतो. समोरच्याला म्हणा, "दोघंही नोफॉलो लावू." तो तयार झाला, तर त्याला वाचक हवेत. मागे हटला, तर त्याला फक्त क्रमांक हवा होता. ताई एका मिनिटात तयार झाल्या.

चुलीवरची
माझा अनुभव कडू आहे. मी पाककृती लिहिते. एका मसालेवाल्यांशी असंच ठरवलं: माझ्या मटणाच्या रश्श्याखाली त्यांची लिंक, त्यांच्या पानावर माझी कृती. दोन महिने छान गेले. मग कुबट वासाची पाकिटं लोकांना मिळाली आणि शिव्या मला आल्या. एका काकूंनी पाकिटाचा फोटो पाठवून लिहिलं, "तुझ्या भरवशावर मागवलं गं." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. वाचकाच्या लेखी लिंक म्हणजे शिफारसच. आणि पैसे घेतले असतील तर तसं ठळक लिहावं. गूगलने 2019 मध्ये त्यासाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण आणलीच आहे, पण ती कोडमध्ये राहते, वाचकाला दिसत नाही.

शोधयंत्री
चुलीवरची ताई म्हणतात ते शंभर टक्के. नोफॉलोची कसोटीही मला पटली, ते मोकळेपणाने मान्य करतो. पण दादा, मोजता कसं? वर्डप्रेसच्या काही आवृत्त्या नव्या टॅबमध्ये उघडणाऱ्या लिंकला आपोआप 'नोरेफरर' जोडायच्या, म्हणजे वाचक कुठून आला हे लपवणारी खूण. मग मुक्कामवाल्या ताईंकडून आलेला माणूस 'डायरेक्ट'मध्ये, म्हणजे थेट आलेल्यांत जमा होतो. दोघांच्या लिंकमागे यूटीएमची, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी शेपटी लावा, नाहीतर अर्धा हिशोब अंदाजाचाच राहतो. आणि आलेल्या माणसाचा ईमेल घ्या. भागीदारी तुटली तरी तो तुमच्याकडे राहील.

दुर्गवाटा
यूटीएम लावलेलंच आहे. ईमेलचं मात्र राहिलंय, नकाशाच्या पानावर या आठवड्यात टाकतो. पण नकाशा ईमेलशिवायही उतरवता येईल. वाटेत अडकलेल्या माणसाकडून आधी पत्ता मागणं मला जमणार नाही.

चुलीवरची ताई, तुमचं वाचून एक ठरवलं. दर पावसाळ्याआधी मुक्कामवाल्या ताईंच्या पाचनईच्या पानावरच्या प्रत्येक घराला मी स्वतः फोन करणार. ज्या घरचा फोन लागणार नाही, त्याचं नाव त्या ताई काढणार. आत्ताच त्यांना तसं कळवलंय, "यादी पाठवते" म्हणाल्या.