जुन्या गाडीत एलईडी बल्ब : समोरच्याच्या डोळ्यांची काळजी आम्हीच का करायची?

उंब्रजकर
मंडळी, तोच जुना विषय पण मला खरंच भांडायचंय म्हणून काढतोय. गाडी 2010 ची हॅचबॅक, एच4 हॅलोजन बल्ब, 60/55 वॅट (अप्परला 60, डिपरला 55). शुक्रवारी रात्री पुण्याहून सुटायचं, खंबाटकी घाट ओलांडायचा, हायवेपर्यंत ठीक असतं कारण पट्टे आहेत, रिफ्लेक्टर आहेत, आणि पुढच्या गाडीच्या मागं मागं जाता येतं. खरा त्रास उंब्रज सोडून पाटणकडं वळलं की. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ऊस असा लोंबतोय की टेललाइट असलीच तर ती पण झाकलेली, रिफ्लेक्टरवर चिखल. माझ्या हॅलोजनमध्ये ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकवर उभंच राहावं लागतं. आता दीडेक हजारात पांढरे एलईडी बल्ब मिळतात, मी घातले, आणि दिसायला लागलं. संपलं. तर ओळखीतला प्रत्येक शहाणा सांगतो की काढ, समोरच्याला त्रास होतो. अरे समोरचा कुठं माझा विचार करतोय? कंपनीतूनच एलईडी घेऊन येणाऱ्या उंच एसयूव्ही, चार जादा फोकस लावलेले ट्रक, अप्पर (लांबचा उजेड) तर कुणी खाली, म्हणजे डिपरवर करतच नाही. मग नियम एकट्या जुन्या गाडीवाल्यानंच पाळायचा का?

वायरमन_सातारा
भांडायचंय म्हणालात म्हणून सांगतो, घातले म्हणजे झालं नाही ते. एच4 बल्ब हातात घेऊन बघा (काचेला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो). आत दोन फिलामेंट असतात, त्यातल्या डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते म्हणून डिपरचा उजेड एका रेषेच्या वर जात नाही. रिफ्लेक्टरचा आकार त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो, एक-दीड मिलिमीटर इकडंतिकडं झालं तरी सगळं पॅटर्न बिघडतं. एलईडीत तार नाही, पट्टीच्या दोन बाजूंना चिप्स, मधे पट्टीची जाडी. वाटीची नक्कल करतात पण जमतेच असं नाही. गाडी भिंतीसमोर उभी करा, डिपर लावा, रेष कापल्यासारखी दिसतेय का वर सगळीकडं पांढरा धूर झालाय ते सांगा.

उंब्रजकर
धूर आहे, मान्य. झाडाच्या फांद्या पण दिसतात. पण ट्रॉली पण दिसते ना राव.

स्कूटीवाली_कराड
फांद्या दिसतात म्हणजे तो उजेड आमच्या डोळ्यात येतोय. मी रोज रात्री नऊनंतर क्लासवरून घरी येते, हेल्मेटच्या काचेवर बारीक ओरखडे आहेत, तुमच्यासारखी गाडी समोरून आली की त्या प्रत्येक ओरखड्याची एक एक पांढरी रेष होते आणि मधे रस्ताच नसतो. डावीकडं साइडपट्टी खचलेली आहे की खडी टाकलीय काही कळत नाही, नुसता अंदाजाने हँडल धरायचा. दुचाकीचा लाइट 2017 पासून कायम चालूच येतो म्हणे पण त्याने तुम्हाला मी दिसते, मला तुमच्या झगझगाटात काही दिसत नाही. तुमची ट्रॉली वाचली आणि मी खड्ड्यात गेले तर तो हिशोब कुठं लिहायचा?

उंब्रजकर
ताई तुमचं पटतं, पण मग सांगा मी काय करू, चाळीसच्या स्पीडने जाऊ?

वायरमन_सातारा
त्या पाटण रस्त्यावर हंगामात चाळीस-पन्नासनेच जायचं असतं, गंमत नाही करत. साधं गणित आहे. 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर पुढं जाते. तुम्हाला काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद, म्हणजे 33 मीटर संपले, मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर अजून 35 धरा. चांगल्या हॅलोजनचा डिपर पन्नास-साठ मीटर काम देतो. तुमच्या एलईडीने अजून एक घोळ होतो, गाडीच्या नाकासमोरचा दहा-पंधरा मीटर रस्ता लख्ख होतो, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचं उलट काळं पडतं. माणसाला वाटतं बाप रे काय उजेड आहे, लांब मात्र काही वाढलेलं नसतं. आणि पावसात तर विचारू नका, ओल्या डांबरावरून उजेड परत तुमच्याकडं येतच नाही, घसरून पुढं समोरच्याच्या तोंडावर.

रिलेभाऊ
एलईडी सोडा हो, 100/90 वॅटचे घाला रिले किटसकट (म्हणजे बल्बचा करंट स्विचमधून न जाता बॅटरीतून थेट येतो), आमच्याकडं आयुष्यभर हेच केलंय. घाटात अप्पर मारला की वळणाच्या पलीकडचं पण दिसतं.

वायरमन_सातारा
रिले बरोबर, 100/90 चूक. ओरिजिनल वायरिंगवर लोक सरळ 100/90 चढवतात, एका बल्बला 5 अँपियरच्या जागी 8 च्या वर, दोन बल्बचे मिळून 16-17, सगळं त्या स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून. माझ्याकडं असे स्विच येतात, आतला प्लॅस्टिकचा भाग वितळून पितळी पॉइंटला चिकटलेला, होल्डर तपकिरी होऊन हातात तुकडे पडतात. रिले लावून वायरिंग वाचवाल, पण उष्णता जाणार कुठं, रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते आणि वर्षभरात आहे तो उजेड पण जातो.

आता खरं दुखणं ऐका. जुन्या गाडीत बल्ब कमी पडत नाही, बल्बपर्यंत करंट पोचत नाही. इंजिन चालू, लाइट चालू, मल्टीमीटरची एक तार बॅटरीवर, मग होल्डरच्या मागच्या पिनांवर. परवा एका गाडीत बॅटरीवर 13.9 वोल्ट आणि होल्डरवर 12.1. पावणेदोन वोल्टच तर आहेत असं वाटेल, पण हॅलोजनचा उजेड वोल्टेजच्या सरळ प्रमाणात नाही पडत, साधारण साडेतीन घाताने पडतो. त्या गाडीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड वायरीतच मेला होता. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज बॅटरीजवळच, दोन रिले, सिरॅमिक होल्डर, अर्थ बॉडीला घासून नीट, एवढं केलं की त्याच 60/55 मध्ये गाडी वेगळी वाटते. त्यानंतर हौस असेल तर ओसरामचा नाइट ब्रेकर किंवा फिलिप्सचा एक्स्ट्रीमव्हिजन, वॅट तेवढेच राहतात, तार बारीक आणि जास्त तापलेली, म्हणून उजेड लांब जातो आणि आयुष्य कमी. निळ्या रंगाचे 'पांढरा उजेड' वाले मात्र घेऊ नका, निळा थर उजेड खातो.

बाबूराव_नाना
बल्बच्या आधी डोळे तपासा म्हणतो मी. माझा मोतीबिंदू निघेपर्यंत मी दोन वेळा बल्ब बदलले होते.

कोकणी_माणूस
काच कुणी बोलतच नाही. पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी पडते, वरचा यूव्ही कोट जातो. मुंबई-गोव्याला कशेडीत धुकं असताना मी शिव्या घालत होतो बल्बला, होती ती काच. टूथपेस्टने घासून चकाचक होते पण कोट नाही चढवला तर काही महिन्यात परत पिवळी. 1500-2000 च्या पेपरने पाणी मारत घासून वर यूव्ही क्लिअर कोट मारून घ्या, नाहीतर सरळ नवीन लॅम्प, जुन्या हॅचबॅकचे काही फार महाग नसतात.

उंब्रजकर
सगळं ऐकलं. रिले करून घेतो, काच पण घासतो. पण एलईडी काढणार नाही, फोकस खाली करून घेईन म्हणजे ताईंना पण त्रास नाही. आणि जर्मनीत 2020 पासून असे एलईडी बल्ब कायदेशीर आहेत हे पण वाचलंय, मग ते मूर्ख आहेत का?

वायरमन_सातारा
तिथं गाडीचं मॉडेल आणि बल्ब यांची जोडी तपासून परवानगी देतात, ठरावीक बल्ब ठरावीक गाड्यांतच चालतो. दीडेक हजाराच्या खोक्यावर तुमच्या गाडीचं नाव आहे का? आपल्याकडं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 106 म्हणतो की 8 मीटरवर उभ्या माणसाला, दीड मीटर उंचीवर डोळे धरले तर, उजेडाने दिपता कामा नये. आणि फोकस खाली करून काय होणार, रेषच नाहीये तर खाली कशाला करायचं? वरचा धूर तसाच राहील, अप्परचा उजेड मात्र बंपरसमोर पडेल.

स्कूटीवाली_कराड
+1. आणि समोरचे सगळे तसेच आहेत हे कारण प्रत्येकाकडंच आहे, समोरच्याकडं पण.

उंब्रजकर
बघू. आधी रिले करून भिंतीवर दोन्ही बल्ब लावून फोटो टाकतो, मग भांडू. एक सांगा, आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला तुमच्या गाडीला साधं रिले किट चालणार नाही, निगेटिव्ह स्विचिंग आहे. हे ओळखायचं कसं?

वायरमन_सातारा
बऱ्याच जपानी घराण्याच्या गाड्यांत असतं, बल्बला प्लस कायम मिळतो आणि स्विच मायनसची बाजू जोडतो-तोडतो, तो बरोबर बोलतोय, साधं किट लावलं तर लाइट लागणारच नाहीत. बल्बचा होल्डर काढा, लाइट चालू करा, मीटरची काळी तार बॉडीला. लालने तिन्ही पिना बघा. डिपर-अप्पर केल्यावर 12 वोल्ट एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर उडी मारत असतील तर साधं किट. पण एका पिनेवर 12 कायम, डिपर-अप्पर केलं तरी हलत नाही, मग बाकी पिनांवर काहीही दिसो, तर निगेटिव्ह स्विचिंगचं किट मागा. लाल तार दोन पिनांना एकदम टेकवू नका, फ्यूज जाईल.