पांढऱ्या शिरांचं काटेरी झाड: मिल्क थिसलच का?

शेतमेर (पेडणे)

रस्त्याच्या भरावाला बाहेरची माती टाकली होती, तिथे गुडघाभर उंचीची काटेरी झाडं उगवली आहेत. पानं निळसर हिरवी, शिरा पांढऱ्या, पानांच्या दातऱ्यांवर पिवळट काटे. फुलं नाहीत, कळ्या धरल्या आहेत. फोनमधल्या ॲपने ‘मिल्क थिसल’ असं नाव दिलं. यकृतासाठी याच्या बियांची पावडर घेतात, म्हणून बिया जमवायचा विचार आहे. नाव बरोबर आहे का? खाजनात (बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) मानशीजवळ, म्हणजे बांधाच्या पाणदाराजवळ, आणि वायंगणाच्या (उन्हाळी भातशेतीच्या) पाणथळ कोपऱ्यातही जांभळ्या फुलांची काटेरी झाडं आहेत. तीही थिसलच का?

भिंगवाला

बिया जमवू नका. आधी हातमोजे घालून एक कोवळी फांदी मोडा आणि मोडलेल्या जागी पाहा. पिवळाधमक चीक आला तर तो पिवळा धोतरा, आर्जेमोन मेक्सिकाना (पुढे यालाच नुसतं धोतरा म्हणतो). हा अफूच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोकडचा. थिसल सूर्यफुलाच्या कुळातले, त्यांना असा पिवळा चीक कधीच येत नाही. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. झाड वाळलेलं असेल तर चीक दिसत नाही, त्यामुळे ही परीक्षा हिरव्या झाडावरच करा.

कळ्या आहेत म्हणता, तर त्याही बघून घ्या. धोतऱ्याच्या कळीच्या टोकाला बहुधा तीन बारीक शिंगं असतात, एकेका निदलाचं (कळीच्या बाहेरच्या हिरव्या आवरणाच्या भागाचं) एकेक. फूल उमललं की बहुधा सहा पातळ पिवळ्या पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका. मिल्क थिसलच्या फुलात पाकळ्या मोजायला जागाच नाही: जांभळट गुलाबी नळीसारखी असंख्य फुलं एका गेंदात दाटलेली, आणि गेंदाखाली बाहेर वळलेले दणकट काटेरी छद (पानासारखी खवलं). बियाही वेगळ्या. मिल्क थिसलची बी 6 ते 7 मिमी, लांबट, चपटी, गुळगुळीत. धोतऱ्याची जेमतेम 2 मिमी, गोल, काळपट, आणि भिंगातून पाहिली तर जाळीदार, खडबडीत.

पांढऱ्या शिरांची काटेरी पानं दोघांनाही असतात. फूल नसलेला फोटो दिला की ॲप तिथेच फसतं.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. धोतऱ्याच्या बियांच्या तेलात सँग्विनरीन हे विषारी द्रव्य असतं. ते तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की पायांना सूज, धाप, काचबिंदू, हृदय निकामी होणं, असा आजार होतो. त्याला एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात. 1998 साली दिल्लीत अशाच तेलाने 60 हून जास्त माणसं दगावली. ही बी कुटून यकृताचं औषध म्हणून घेणं म्हणजे सरळ विष घेणं.

खाजनवाट

बाकीची दोन्ही अडुळशाच्या कुळातली दिसतात. मानशीजवळची मारांडी असणार, अ‍ॅकँथस इलिसिफोलियस. गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीत ती भरपूर आहे. पान जाड, चकचकीत, कडेला काटे. फुलाला वरचा ओठ नसतोच, एकच रुंद निळसर जांभळी पाकळी खाली पसरलेली असते. वायंगणातला कोळसुंदा, म्हणजे तालिमखाना. त्याच्या प्रत्येक पेरावर फुलांचा घोस आणि घोसाभोवती सरळ पिवळे काटे, साधारण सहा. बी पाण्यात टाकली की बुळबुळीत होते.

मारांडीची पानं खोडावर समोरासमोर येतात, कोळसुंद्याची पेराभोवती वेढ्यात. थिसलची पानं एकाआड एक असतात. इतकं पाहिलं तरी ही दोन्ही बाजूला काढता येतात. मारांडी उपटायला जाऊ नका. ती चिखल धरून ठेवते, आणि खारफुटीचा पट्टा सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांखाली येतो.

सडा_आणि_घाट

सिर्सियम, कार्डुअस हे नेहमीचे थिसल आपल्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) शोधू नका. सह्याद्रीत त्यांची भावंडं म्हणजे ब्रह्मदंडी (ट्रायकोलेपिस) आणि घाटापलीकडच्या कोरड्या माळावरची उटकटारी (एकिनॉप्स). शेतातली करडईही त्याच घराण्यातली. ब्रह्मदंडी या नावावर मात्र विसंबू नका, दोन-तीन वेगळ्या झाडांना ते लावतात.

काट्यांवरून ओळख पटत नाही, गेंद चिरावा लागतो. पूर्ण फुललेला गेंद चिमट्यात धरा आणि नव्या ब्लेडने देठापासून टोकापर्यंत उभा कापा. बोथट ब्लेडने आतली फुलं चिरडतात आणि काहीच कळत नाही. दहापट भिंगाखाली तळाची बैठक पाहा: तिच्यावर ताठ केस, केसांमधून उभ्या राहिलेल्या नळ्या, प्रत्येक नळीखाली एक कोवळी बी. बाहेरून छदांच्या कौलांसारख्या रांगा. ब्रह्मदंडीत हे छद अरुंद असतात आणि टोकाला केसासारखे बारीक होतात. उटकटारीचा गोळा मात्र फसवा. त्यातली एक फुलकळी ओढून काढा, तिच्याभोवती तिचे स्वतःचे छद दिसतील. म्हणजे तो गोळा हाच मुळात एकेका फुलाच्या गेंदांचा गेंद. तो वरून खाली उमलत येतो.

सिर्सियम आणि कार्डुअस एकमेकांपासून ओळखायचे तर बीवरचे केस पाहा. पिसासारखे फाटे असलेले असतील तर सिर्सियम, साधे असतील तर कार्डुअस.

इथे फोटो टाकताना गेंद बाजूने, छद स्पष्ट दिसतील असा घ्या. वरून काढलेल्या फोटोत फक्त रंग दिसतो. पानाची खालची बाजू, पान खोडाला कसं चिकटलंय ते आणि पूर्ण झाड, हेही हवं.

शेतमेर (पेडणे)

फांदी मोडली, चीक पिवळाच आहे. कळीवर तीन शिंगंही दिसली. आता काढायचं कसं?

भिंगवाला

म्हणजे धोतराच, शंका नको. बोंडं धरायच्या आत काढा. हे वर्षायू (एका वर्षात आयुष्य संपणारं) झाड आहे, सोटमूळ सरळ खाली जातं. माती ओली करून जाड हातमोज्यांनी बुंध्याशी धरा आणि मुळासकट उपटा. कोयत्याने वरून कापलं तर बुडखा पुन्हा फुटू शकतो. बोंड पिकलं की टोकाशी उकलतं आणि झाड हलवलं की बिया सांडतात. बोंडं आली असतील तर उपटण्याआधी ती कापून पिशवीत भरा, खतखड्ड्यात टाकू नका. पडलेली बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे पाऊस सरला की त्याच भरावावर नवी रोपं शोधायला हवीत.

घरात सुटी मोहरी येत असेल तर चिमूटभर भिंगाखाली पसरून बघा. खडबडीत दाणा दिसला तर नखाने फोडा: मोहरी आतून पिवळी असते, धोतरा पांढरा.